पीएनजीचा जेपीजी केल्यावर पारदर्शकता कुठे जाते आणि परत का येत नाही

प्रश्न थोडक्यात असा: लाल रंगाचा एकरंगी लोगो पारदर्शक पीएनजीत होता. तो जेपीजीत कन्व्हर्ट केल्यावर मागे काळा चौकोन आला. दुसऱ्या कन्व्हर्टरमधून काढला तर तोच चौकोन पांढरा आला. हे पांढरं जेपीजी पुन्हा पीएनजी केलं, तरी पारदर्शकता परत आली नाही. शेवटी पांढरा भाग मॅजिक वाँडने (सारख्या रंगाचा भाग एका क्लिकमध्ये निवडणारं एडिटरमधलं साधन) निवडून उडवला आणि वेबपी (वेबसाठीचा नवा चित्र-फॉरमॅट) बनवलं, तर गडद पानावर लोगोच्या कडेने फिकट रेघ दिसते. मूळ पीएनजी आता हाताशी नाही. नेमकं काय झालं, आणि आता काय करता येईल?

आधी थेट उत्तर देतो. जेपीजीत पारदर्शकता साठवायला जागाच नसते. कन्व्हर्ट करताना सॉफ्टवेअरने तुम्हाला न विचारता एक पार्श्वभूमी निवडली. एकाने काळी, दुसऱ्याने पांढरी. जेपीजीचं पुन्हा पीएनजी केल्यावर फाइलमध्ये पारदर्शकतेची जागा तयार होते, पण त्या जागेत भरायची माहिती आधीच गेलेली असते. वेबपीतली फिकट रेघ वेबपीने आणलेली नाही. कडांच्या पिक्सेलमध्ये मिसळलेला तो पांढऱ्या पार्श्वभूमीचा अंश आहे. लोगो एकरंगी आहे हे तुमच्या पथ्यावर पडणार आहे. तो बऱ्यापैकी अचूक परत मिळवता येतो, आणि कसा ते शेवटी सांगितलं आहे. मधला भाग मात्र गाळू नका, कारण ती पद्धत का चालते हे त्याशिवाय कळणार नाही.

पडद्यावरच्या चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, साधारणपणे ० ते २५५ मधले. पारदर्शक चित्रात चौथा आकडा येतो, तो अल्फा. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. हा चौथा आकडा चित्राचाच भाग म्हणून साठवायचा, ही कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी मांडली. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र ठेवण्याचं गणित नीट बांधून दिलं. आजचे ब्राउझर आणि फोटो एडिटर त्याच गणितावर चालतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचे निम्मे घोळ तिच्यातूनच निघतात. पारदर्शक भागात पिक्सेल नसतात असं नाही. पिक्सेल असतात आणि त्यांना रंगही असतो. अल्फा ० असल्यामुळे तो रंग दिसत नाही, एवढंच.

आता तुमच्या लोगोच्या कडेचा एकच पिक्सेल घेऊ. लोगोचा लाल रंग २२०, ३०, ४० आहे असं धरा. गोलाईच्या कडेवर हा लाल रंग पिक्सेलचा अर्धाच भाग व्यापतो, म्हणून तिथे रंग तोच राहतो आणि अल्फा १२८ येतो. हा पिक्सेल पांढऱ्यावर ठेवला की अर्धा लाल आणि अर्धा पांढरा मिसळून २३७, १४२, १४७ असा गुलाबी रंग तयार होतो. काळ्यावर ठेवला तर ११०, १५, २० असा गडद तपकिरी लाल होतो. दोन्ही ठिकाणी कड डोळ्याला गुळगुळीत दिसते, कारण मिसळ त्या-त्या पार्श्वभूमीशी झालेली असते. हाच पिक्सेल पुढे अनेकदा लागणार आहे.

जेपीजीचं प्रमाण १९९२ सालचं आणि ते छायाचित्रांसाठी बनलेलं. छायाचित्राला पारदर्शक भाग असायचं कारणच नाही, म्हणून त्यात अल्फाची सोय ठेवलेली नाही. मग पारदर्शक चित्र जेपीजी करताना सॉफ्टवेअरसमोर तीन वाटा असतात. पहिली, एखाद्या ठरावीक रंगावर चित्र ठेवून मिसळून टाकायचं. याला फ्लॅटन करणं म्हणतात. दुसरी, चौथा आकडा सरळ फेकून द्यायचा आणि उरलेले तीन तसेच लिहायचे. तिसरी, नकार द्यायचा. पायथनची पिलो लायब्ररी तिसरी वाट धरते: अल्फा असलेलं चित्र जेपीजी म्हणून सेव्ह करू गेलात तर एरर देते. मला हे वागणं सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. अडचण पुढे होते. एरर घालवण्यासाठी बहुतेक जण चित्र आधी आरजीबीत, म्हणजे फक्त लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांत, कन्व्हर्ट करण्याची एक ओळ टाकतात, आणि ती ओळ दुसऱ्या वाटेने जाते, म्हणजे अल्फा फेकून देते.

अल्फा फेकला की पारदर्शक भागाखाली दडलेला रंग उघडा पडतो. बहुतेक प्रोग्रॅम रिकामा कॅनव्हास ०, ०, ०, ० अशा आकड्यांनी भरतात. पहिले तीन शून्य म्हणजे काळा. तुमचा काळा चौकोन बहुधा इथून आलेला आहे. खात्री करायची असेल तर त्या काळ्या जेपीजीतली कड मोठी करून बघा. कड करवतीच्या दात्यांसारखी खडबडीत असेल, तर अल्फा फेकला गेलाय, कारण आपला कडेचा पिक्सेल अर्ध्याऐवजी पूर्ण लाल होऊन बसतो. कड मऊ असून काळ्यात विरघळत असेल, तर सॉफ्टवेअरने काळ्यावर रीतसर मिसळ केली आहे.

कधी काळ्याऐवजी भलतंच काही उगवतं: रंगांचे पट्टे, जुन्या पार्श्वभूमीचे तुकडे, तुम्ही खोडलेला मजकूर. खोडरबर वापरताना अनेक एडिटर फक्त अल्फा शून्य करतात आणि खालचा रंग तसाच ठेवतात. गिम्प या फोटो एडिटरमध्ये खोडलेलं परत आणणारं 'अँटी इरेज' आहे, ते चालतं ते याचमुळे. गिम्पमधून पीएनजी एक्सपोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपायचे का, असा वेगळा पर्यायही असतो. हा पर्याय चालू ठेवून, कागदपत्राच्या चित्रातलं नाव किंवा नंबर नुसत्या खोडरबराने पुसून ते पीएनजी कुणाला पाठवलं, तर समोरचा माणूस अल्फा बंद करून पुसलेलं सगळं वाचू शकतो. म्हणून गोपनीय मजकूर झाकायचा असेल तर त्यावर भरीव रंगाचा चौकोन ओढा, चित्र फ्लॅटन करा आणि मगच सेव्ह करा. याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही.

बरोबर पद्धत साधी आहे. जेपीजी करण्याआधी सगळ्यांत खाली हव्या त्या रंगाचा भरीव लेयर (थर) ठेवा, फ्लॅटन करा, मग सेव्ह करा. इमेजमॅजिक (लिहिलेल्या आज्ञांवर चित्रं बदलणारं साधन) वापरत असाल तर आधी बॅकग्राउंडचा रंग सांगा, मग 'अल्फा रिमूव्ह' आणि त्यानंतर 'अल्फा ऑफ' द्या. यात क्रम महत्त्वाचा आहे. 'रिमूव्ह' रंगावर मिसळ करतं, 'ऑफ' नुसता चौथा आकडा बंद करतं. आधी 'ऑफ' दिलंत तर मिसळायला काही उरत नाही आणि पुन्हा काळा चौकोन समोर येतो.

आता परत का येत नाही ते पाहू. पांढऱ्या जेपीजीत तुमच्याकडे कडेच्या पिक्सेलचे तीन आकडे आहेत: २३७, १४२, १४७. शोधायचे आहेत चार: मूळ लाल, हिरवा, निळा आणि अल्फा. माहीत तीन, अज्ञात चार. अर्धा पारदर्शक लाल पांढऱ्यावर ठेवला तरी हेच तीन आकडे येतात, पूर्ण अपारदर्शक गुलाबी असला तरी हेच येतात. यांतलं खरं कोणतं, हे त्या पिक्सेलकडे पाहून कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. पार्श्वभूमी काढणारी एआय साधनं इथे अंदाज बांधतात. माणसाच्या छायाचित्रात तो अंदाज चांगला लागतो. लोगोच्या बारीक अक्षरांत आणि सावल्यांत पुष्कळदा चुकतो.

एक सुंदर अपवाद आहे. तेच चित्र एकदा पांढऱ्यावर आणि एकदा काळ्यावर, असं दोन्ही ठिकाणी मिसळलेलं तुमच्याकडे असेल, तर अल्फा गणिताने काढता येतो. आपला पिक्सेल पांढऱ्यावर २३७, १४२, १४७ आणि काळ्यावर ११०, १५, २०. तिन्ही जागी फरक १२७. हा फरक म्हणजे पार्श्वभूमीचा दिसणारा हिस्सा, म्हणून २५५ मधून १२७ वजा केले की अल्फा मिळतो: १२८. काळ्यावरच्या आकड्यांना १२८ ने भागून २५५ ने गुणलं की २१९, ३०, ४० येतात. मूळ रंग २२०, ३०, ४० होता. एका आकड्याचा फरक फक्त पूर्णांकात आणल्यामुळे पडला. दोन पार्श्वभूमींवरून अल्फा काढण्याची ही युक्ती १९९६ साली स्मिथ आणि जिम ब्लिन यांनी ब्लू स्क्रीनवरच्या, म्हणजे निळ्या पडद्यासमोर टिपलेलं चित्र वेगळं काढण्यावरच्या, लेखात मांडली होती. जे सॉफ्टवेअर पारदर्शक एक्सपोर्ट देत नाही पण बॅकग्राउंडचा रंग बदलू देतं, त्यातून स्वच्छ पारदर्शक चित्र काढायला मी आजही हीच वापरतो. अट एवढीच की दोन्ही चित्रं पिक्सेलला पिक्सेल जुळणारी आणि पीएनजीत हवीत.

तुमची दोन जेपीजी इथे चालतील का? तुमच्या काळ्या जेपीजीत मिसळ रीतसर झाली असेल तर जेमतेम. जेपीजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे ठोकळे करून ते दाबतं, आणि लाल अक्षराला लागून असलेल्या पांढऱ्या भागात बारीक डाग सोडतं. त्याखेरीज रंगाची माहिती ते बहुधा आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाईने साठवतं. त्यामुळे कडेच्या पिक्सेलचे आकडे दोन्ही फाइलींत वेगवेगळ्या प्रकारे हललेले असतात. मॅजिक वाँडने पांढरं निवडल्यावर लोगोभोवती पांढुरके ठिपके उरतात तेही यामुळेच. जे पांढरं दिसतं ते २५५ नसतं, २५१, २४८ असं काहीतरी असतं. टॉलरन्स, म्हणजे किती वेगळा रंग सारखाच धरायचा ती मर्यादा, वाढवलीत की ठिपके जातात, पण सोबत कडेचे गुलाबी पिक्सेलही जाऊन कड खडबडीत होते. मधला आकडा शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण वाँड पिक्सेल ठेवतो किंवा काढतो. अर्धा ठेवणं त्याला जमत नाही.

इतर फॉरमॅटकडे वळू. सगळ्यांत जास्त गैरसमज जिफबद्दल आहेत. १९८७ च्या पहिल्या आवृत्तीत पारदर्शकता नव्हतीच, ती १९८९ च्या सुधारित आवृत्तीत आली. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंगांची पॅलेट, आणि त्यातला एक क्रमांक पारदर्शक म्हणून राखून ठेवायचा, एवढीच सोय. म्हणजे पिक्सेल एकतर आहे नाहीतर नाही. आपला अर्ध्या अल्फाचा पिक्सेल जिफमध्ये गेला की सॉफ्टवेअर बहुधा मध्यावर रेघ मारतं: निम्म्याहून जास्त अल्फा असेल तर पूर्ण अपारदर्शक, कमी असेल तर गायब. मऊ सावली असेल तर तिचा बाहेरचा भाग कापला जातो आणि आतला भाग भरीव डागासारखा उरतो. यावर उपाय म्हणून 'मॅट' रंग देतात. जिफ ज्या रंगाच्या पानावर बसणार तो रंग आधीच कडांमध्ये मिसळून ठेवायचा. त्या पानावर कड छान दिसते. दुसऱ्या रंगाच्या पानावर नेलं की त्याच कडेचा पट्टा होतो. वाचकांच्या फोनवर डार्क मोड असतो हे ध्यानात घेतलं तर पांढऱ्या मॅटचा जिफ आता कुठेच निर्धास्तपणे वापरता येत नाही. जिफचं पीएनजी केल्यावर कडा सुधारतील अशी आशा ठेवू नका; पीएनजी ते दोनच स्तर इमानाने जपेल.

पीएनजीची पहिली आवृत्ती १९९६ साली वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेची शिफारस म्हणून आली, आणि पारदर्शकतेसाठी आजही तोच सगळ्यांत भरवशाचा फॉरमॅट आहे. पण पीएनजी एकाच प्रकारचा नसतो. संपूर्ण अल्फा चॅनेल असलेला पीएनजी असतो, एकच रंग पारदर्शक ठरवलेला असतो, आणि पॅलेटचा पीएनजी असतो ज्यात पॅलेटमधल्या प्रत्येक रंगाला स्वतःचा अल्फा देता येतो. हा तिसरा प्रकार लोकांना माहीत नसतो. 'आठ बिटचा पीएनजी म्हणजे जिफसारखी कापलेली कड' हे काही जुन्या एक्सपोर्ट खिडक्यांपुरतंच खरं होतं. पीएनजीक्वांटसारखी साधनं २५६ रंगांच्या पॅलेटमध्येही अर्धपारदर्शक सावल्या व्यवस्थित बसवतात, आणि साध्या लोगोची फाइल बरीच लहान होते. पीएनजीतून पीएनजी असं 'ऑप्टिमाइझ' केल्यावर सावली कापली गेली, तर दोष फॉरमॅटला देऊ नका, साधन बदला.

वेबपी आणि एव्हीआयएफ हे दोन्ही नवे फॉरमॅट संपूर्ण अल्फा सांभाळतात, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेबपीत एक चांगली गोष्ट अशी की रंग लॉसी पद्धतीने, म्हणजे थोडी माहिती गमावून, दाबले तरी अल्फा वेगळ्या कप्प्यात जातो आणि मूलभूत सेटिंगमध्ये बिनघट साठवला जातो, त्यामुळे कडेचा आकार बिघडत नाही. रंग मात्र जेपीजीसारखेच कमी बारकाईने साठवले जातात, म्हणून लाल-निळ्या तीव्र कडांवर हलकासा रंग पसरलेला दिसू शकतो. लोगोसाठी लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणारं, वेबपीच घ्या. गूगलचा सीवेबपी एन्कोडर पूर्ण पारदर्शक पिक्सेलखालचे रंग फाइल लहान करण्यासाठी बदलून टाकतो. गेमच्या टेक्स्चरसारख्या कामात ते दडलेले रंग लागत असतील तर 'एक्झॅक्ट' हा पर्याय द्यावा लागतो.

आता तो मुद्दा, ज्यापायी नावाजलेल्या फॉरमॅटमध्येही कडा काळवंडतात. अल्फा साठवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत रंग शुद्ध ठेवतात आणि अल्फा बाजूला लिहितात. आपला पिक्सेल २२०, ३०, ४०, अल्फा १२८ असाच राहतो. याला स्ट्रेट अल्फा म्हणतात. दुसरीत रंग आधीच अल्फाने गुणून ठेवतात. तोच पिक्सेल ११०, १५, २०, अल्फा १२८ असा लिहिला जातो. हा प्रीमल्टिप्लाइड अल्फा. पीएनजी नियमाने स्ट्रेट असतो. चित्रपटाच्या इफेक्टच्या कामातला ओपनईएक्सआर रूढीने प्रीमल्टिप्लाइड असतो. टिफमध्ये दोन्ही चालतात, आणि कोणता आहे हे फाइलमधल्या एका टॅगने सांगायचं असतं. तो टॅग चुकीचा लिहिला गेला, किंवा वाचणाऱ्याने पाहिलाच नाही, तर गडबड होते. प्रीमल्टिप्लाइड फाइल स्ट्रेट समजून उघडली की आधीच गुणलेला रंग पुन्हा गुणला जातो आणि कडेने काळपट रेघ येते. उलट झालं की कडा भगभगीत उजळ होतात. टिफमधून पीएनजीत आल्यावर सगळ्या लोगोंभोवती सारख्याच जाडीची काळी झालर दिसली, तर मी आधी ही शंका घेतो.

एका रीतीतून दुसरीत जाताना थोडी माहितीही गळते. अल्फा ५ असलेला सावलीचा पिक्सेल घ्या. त्याचा लाल आकडा २२० असेल तर गुणून ४ होतो, आणि परत भागल्यावर २०४ मिळतो. ३० चा १ होतो आणि परत येताना ५१. अल्फा ५ असताना गुणलेला रंग ० ते ५ एवढ्या सहाच पायऱ्यांवर बसू शकतो, मग बारकावे राहणार कसे? ही गळती एरवी दिसत नाही, कारण तो पिक्सेल जवळपास अदृश्यच असतो. पण अशी सावली पुढे कुणी गडद केली की तिच्यात पट्टे उमटतात. ब्राउझरमधला कॅनव्हास आत प्रीमल्टिप्लाइड पद्धत वापरत असल्यामुळे ब्राउझरमध्येच चालणारे अनेक ऑनलाइन कन्व्हर्टर पीएनजीतून पीएनजी करतानाही हे नुकसान करतात. अल्फा ० असलेल्या पिक्सेलचा रंग तर पूर्णच जातो.

आकार बदलतानाही हेच गणित आडवं येतं, आणि कन्व्हर्ट करताना लोक बहुधा आकारही बदलतात. पूर्ण लाल पिक्सेलशेजारी ०, ०, ०, ० असा पारदर्शक पिक्सेल आहे. चित्र निम्मं करायचं म्हणजे दोघांची सरासरी. चारही आकड्यांची नुसती सरासरी काढली तर ११०, १५, २०, अल्फा १२८ असा काळपट लाल येतो, आणि पांढऱ्या पानावर तो १८२, १३५, १३७ असा मळकट दिसतो. खरं उत्तर आपलं ओळखीचं २३७, १४२, १४७ असायला हवं होतं. न दिसणाऱ्या काळ्याने दिसणाऱ्या लालला मळवलं. चांगलं सॉफ्टवेअर आधी रंगांना अल्फाने गुणतं, मग सरासरी काढतं, मग परत भागतं. स्वतः स्क्रिप्ट लिहीत असाल तर हा क्रम पाळा. तयार साधन असेल तर काळ्या दडलेल्या रंगाचं एक चित्र लहान करून पांढऱ्यावर ठेवा. कड मळली तर साधन सोडा.

छपाईकडे जाणाऱ्या फाइलींचं थोडक्यात सांगतो. पीडीएफमध्ये खरी पारदर्शकता २००१ च्या १.४ आवृत्तीपासून आली. पारदर्शक पीएनजी पीडीएफमध्ये टाकला की त्याचे दोन तुकडे होतात: रंगाचं एक चित्र आणि अल्फाचं करड्या छटांचं दुसरं चित्र, ज्याला सॉफ्ट मास्क म्हणतात. म्हणून पीडीएफमधून चित्रं बाहेर काढणारी साधनं पुष्कळदा काळ्या पार्श्वभूमीचा लोगो आणि शेजारी एक करडं चित्र अशी जोडी देतात. ते करडं चित्र कचरा समजून टाकू नका, तोच तुमचा अल्फा आहे. मास्क म्हणून लावला की लोगो पूर्ववत होतो. दीर्घकाळ जपणुकीसाठीच्या पीडीएफ/ए-१ आणि छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स-१ए या प्रमाणांत पारदर्शकतेला मनाई आहे, त्यामुळे त्या प्रकारात एक्सपोर्ट केल्यावर सगळं फ्लॅटन होतं. छपाईच्या ईपीएस या जुन्या फॉरमॅटमध्ये अर्धपारदर्शक काही मावत नाही, फक्त कापलेला आकार जातो.

एसव्हीजीला (पिक्सेलऐवजी आकारांचं वर्णन साठवणारा फॉरमॅट) मुळात पार्श्वभूमी नसते, म्हणून त्यातून पीएनजी काढलं की पारदर्शकता आपसूक मिळते. तरी पांढरा चौकोन आला तर बहुधा डिझाइन करणाऱ्याने सगळ्यांत खाली एक पांढरा आयत ठेवलेला असतो. तो निवडून डिलीट करा. बीएमपीवर पारदर्शकतेसाठी विसंबू नका. ३२ बिटचा बीएमपी अल्फा नेऊ शकतो, पण उघडणारे बरेच प्रोग्रॅम तिकडे बघतच नाहीत. क्लिपबोर्डचं तसंच आहे: ब्राउझरमधून कॉपी करून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट केलेलं चित्र अनेकदा काळ्या पार्श्वभूमीसह येतं. चित्र फाइल म्हणून सेव्ह करा आणि फाइलच उघडा. मेसेजिंग ॲपमधून लोगो पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण फोटो म्हणून पाठवल्यावर तो बहुधा जेपीजी होऊनच पोचतो.

फाइल खरंच पारदर्शक आहे का, हे नावाच्या शेवटी पीएनजी लिहिलेलं पाहून ठरवू नका. करड्या-पांढऱ्या चौकटींची जाळी दिसली म्हणजे पारदर्शक, हेही खरं नाही. नेटवर सापडणाऱ्या कितीतरी चित्रांत ती जाळी चित्रातच रंगवलेली असते. अल्फा चॅनेल आहे पण सगळीकडे २५५ भरलेला आहे, अशा फाइलीही येतात. तुमचं जेपीजीवरून केलेलं पीएनजी बहुधा याच जातीचं असेल, नाहीतर त्यात अल्फा चॅनेलच नसेल. मी चित्राखाली आळीपाळीने तीन भरीव लेयर ठेवून पाहतो: पांढरा, काळा आणि एखादा भडक हिरवा किंवा जांभळा. पांढऱ्याची झालर काळ्यावर उघडी पडते, काळ्याची पांढऱ्यावर, आणि आत कुठे नको तिथे अर्धपारदर्शक झालेला भाग भडक रंगावर लगेच कळतो.

आता तुमचं काम. आधी लोगो ज्याने बनवला त्याच्याकडे एसव्हीजी, एआय (इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरची फाइल) किंवा पीडीएफ मागा. ते मिळालं तर पुढचं काही करायची गरज नाही. मिळत नसेल तर तुमच्याकडचं पांढऱ्या पार्श्वभूमीचं, सगळ्यांत मोठ्या आकाराचं जेपीजी घ्या. मॅजिक वाँडने कापलेलं वेबपी बाजूला ठेवा, त्यातली कड सुधारता येणार नाही.

गिम्पमध्ये 'कलर टू अल्फा' नावाचं साधन आहे, पांढरा रंग देऊन ते चालवण्याचा मोह होईल. ते मिसळलेलं पांढरं खरोखर वेगळं करतं आणि झालर राहत नाही. पण त्याला तुमच्या लोगोचा रंग माहीत नसतो, म्हणून ते प्रत्येक पिक्सेल जमेल तितका पारदर्शक करतं. लोगोचा आतला भरीव लाल, २२०, ३०, ४०, त्यातून साधारण ८८ टक्केच अपारदर्शक होऊन निघतो, आणि गडद पानावर लोगो मलूल दिसतो.

एकरंगी लोगोत याहून चांगलं करता येतं. चार अज्ञातांपैकी तीन, म्हणजे मूळ रंग, तुम्हाला माहीत आहेत. मग अल्फा एका भागाकारात मिळतो. हिरवा चॅनेल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा फक्त हिरवा आकडा, पहा: पांढऱ्यात तो २५५, भरीव लोगोत ३०, म्हणजे अंतर २२५. कडेच्या पिक्सेलमध्ये तो १४२, म्हणजे पांढऱ्यापासून ११३ खाली. ११३ भागिले २२५ बरोबर साधारण ०.५०२, म्हणजे अल्फा १२८. जसाच्या तसा.

हे हाताने असं करायचं. जेपीजीचा हिरवा चॅनेल वेगळा काढा. लाल लोगो आणि पांढरा यांच्यातलं अंतर त्यात सगळ्यांत जास्त असतं. तो उलटा करा, म्हणजे लोगो उजळ आणि पार्श्वभूमी काळी होईल. लेव्हल्समध्ये (गडद-उजळ छटांची टोकं सरकवणारं साधन) काळं टोक थोडं आत घ्या, जेपीजीचे ठिपके पूर्ण काळ्यात जातील एवढंच. मग पांढरं टोक लोगोचा आतला भाग पूर्ण पांढरा होईपर्यंत आत आणा. मधला गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा सरकता खुंटा, हलवू नका, नाहीतर कडेची जाडी बदलेल. आता २२०, ३०, ४० चा भरीव लेयर करा, म्हणजे तुमच्या लोगोचा जो नेमका लाल असेल तो, आणि हे करडं चित्र त्याला लेयर मास्क (उजळ तिथे लेयर दिसतो, काळं तिथे लपतो) म्हणून लावा. संपूर्ण अल्फा असलेल्या पीएनजीत एक्सपोर्ट करा आणि तिन्ही पार्श्वभूमींवर तपासा. काळ्यावर कडेने अजून फिकट रेघ दिसली, तर लेव्हल्सचं काळं टोक एक-दोन आकडे आणखी आत घ्या. हा पीएनजी मूळ फाइल म्हणून जपून ठेवा, वेबपी त्यावरून लॉसलेस बनवा, आणि कुणी जेपीजीच मागितला तर त्यांच्या पानाचा रंग विचारून त्या रंगावर फ्लॅटन करून द्या.